कुलूपबंद दारांची मोजणी

आमच्या टेकडीवर पोस्टमन चढत नसे. घाटकोपर स्टेशनाकडून येणारा रस्ता जिथे संपतो आणि पायवाटा सुरू होतात, त्या तोंडालाच माझं किराणा दुकान होतं. पोस्टमन तिथपर्यंत सायकल ढकलत आणायचा, सगळ्या टेकडीचं टपाल काउंटरवर ठेवायचा, माठातलं पाणी प्यायचा आणि वळायचा. त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. वर घरांना नंबर नव्हते, गल्ल्यांना नावं नव्हती. ज्याला जिथे सपाट जागा मिळाली तिथे त्याने पत्रे ठोकले होते. एकाच्या मोरीचं पाणी दुसऱ्याच्या छपरावर पडायचं आणि त्यावरून रोज भांडणं. अशा ठिकाणी पाकीट हातात धरून माणूस शोधत फिरायचं, तर बाकीच्या वस्तीचं टपाल उद्यावर जाणार.

म्हणून वरचे सगळे पत्त्यात माझ्या दुकानाचं नाव घालायचे. अमुक अमुक, केअर ऑफ, मग दुकानाचं नाव, मग टेकडी, घाटकोपर. शाळेच्या दाखल्यावर तेच, गावाकडच्या पत्रावर तेच, लग्नपत्रिकेवरही तेच. मी साताऱ्याकडून आलेला, चौथीतून शाळा सोडलेला, भायखळ्याच्या भाजीबाजारात पाठीवर पोती वाहिलेला माणूस. कुणाच्या ओळखीने दुकान उभं केलं नाही, की कुणापुढे हात पसरला नाही. आणि एवढ्या वस्तीच्या पत्त्यात माझ्या दुकानाचं नाव. हे मी मिरवायला सांगत नाही. ते पुढे माझ्याकडून काढून घेतलं गेलं आणि त्यात एका बाईचं जे झालं ते मला आजही गिळवत नाही, म्हणून सांगतो.

टपाल ठेवून घ्यायला मी धंद्याच्या हिशेबानेच सुरुवात केली होती. पत्र न्यायला आलेला माणूस रिकाम्या हाताने जात नाही, निदान काडेपेटी तरी घेतो. चहाच्या खोक्यांची प्लाय आणून सुताराकडून खणांची फळी करून घेतली आणि ती काउंटरमागे ठोकली. खणांवर नावं लिहून उपयोग नव्हता, वरच्या बायकांना वाचता कुठे यायचं? मग खुणा काढल्या. पिंपळाच्या बाजूचे असतील त्यांच्या खणावर पान, सार्वजनिक नळाजवळच्यांना नळ, देवळामागच्यांना घंटा, वर धोंड्याकडे राहणाऱ्यांना नुसता गोल. नवीन बाई आली की मी विचारायचो, "नळ की पान?" ती म्हणायची, "धोंडा." झालं, पत्ता पक्का. कोण खोली सोडून गेलं, कुणाकडे गावाहून भाऊ येऊन राहिला, हे मला तांदळावरून कळायचं. घरात माणूस वाढलं की तांदूळ वाढतो. त्याप्रमाणे मी खण बदलायचो. चुकलो नाही असं म्हणणार नाही, पण माझ्या दुकानातून पत्र परत गेलं असं कधी झालं नाही.

धोंड्याकडे राहणाऱ्या काकी मालवणकडच्या. नवरा गिरणीत होता. गिरण्यांचा संप झाला तेव्हा घरात दोन मतं झाली. बाप संपावर ठाम, आणि मुलगा गुपचूप भिवंडीला मागावर कामाला लागला. बापाला कळलं तेव्हा त्याने मुलाचं ताट उचलून दाराबाहेर ठेवलं. मुलगा जेवला नाही, गेला तो गेलाच. पुढे वर्षातून एक कार्ड यायचं, गणपतीच्या सुमाराला. आईच्या नावाने, केअर ऑफ माझं दुकान. घरी पत्र गेलं तर बाप फाडून टाकेल म्हणून त्याने हा पत्ता धरला होता. स्वतःचा पत्ता मात्र कधी द्यायचा नाही. एकदा शिक्का सुरतेचा होता, एकदा कुठला ते उमटलंच नव्हतं. मजकूर दोन ओळींचा. मी बरा आहे, तू तब्येत सांभाळ, गणपतीला नमस्कार सांग.

काकी गावाहून गणपती करून आल्या की ट्रंक घरी ठेवण्याआधी दुकानात यायच्या.

"काय रे घाट्या, माझ्या झिलाचा पत्र इला?"

"घाटी म्हणाल तर देणार नाही."

"मग काय तुका शेट म्हणू? सुपारी दी आणि वाच."

मी वाचायचो. त्या कार्ड पदरात बांधायच्या आणि वर जायच्या. नवऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही. तो खोकून खोकून गेला, पण मुलाला बाप गेल्याचं कळलंच नाही. कळवणार कुठे? त्याच्याकडून इकडे रस्ता होता, इकडून त्याच्याकडे नव्हता. काकी म्हणायच्या, कधीतरी पत्रात ठावठिकाणा लिहील, तेव्हा मी त्याला लिहून कळवायचं की आता ये, आता ताट कोणी उचलणार नाही.

आता वस्तीच्या कमिटीच्या सेक्रेटरीविषयी सांगतो. टेकडीच्या पायथ्याला पक्क्या खोल्यांची एक रांग होती, तिथे राहायचा. कुठल्याशा ऑफिसात कारकून, अक्षर मोत्यासारखं, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. मुंबईतच जन्मलेला, त्यामुळे गाव म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं. माझं आणि त्याचं एकदा वर्गणीवरून वाजलं होतं. सार्वजनिक गणपतीचं पावतीपुस्तक घेऊन आला आणि माझ्या नावावर आकडा आधीच घालून आला. मी घासाघीस सुरू केली.

"देवाच्या कामात घासाघीस काय करता शेठ?"

"देवाशी नाही करत. तुझ्याशी करतोय."

दुकानात चार माणसं उभी होती, ती हसली. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पावती त्याने फाडली माझ्या आकड्याची, पण माणूस विसरणाऱ्यातला नव्हता. मीही नाही.

त्यानंतर पोस्टात नवे पोस्टमास्तर आले. त्यांनी ठरवलं की टेकडीचं टपाल दारोदार जायला हवं. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हे मी आधीच सांगून टाकतो. त्या पावसाळ्यात एका घरची मयताची तार आली होती, ती माझ्या दुकानापर्यंत आली आणि मी वर पाठवली, तोवर संध्याकाळची एसटी निघून गेली होती. त्या माणसाला बापाचं तोंड बघायला मिळालं नाही. पोस्टमास्तरांनी कमिटीला कळवलं की प्रत्येक दारावर नंबर घाला, नंबरवार नावांची यादी करून द्या, तिच्यावरून आम्ही बीट, म्हणजे पोस्टमनची फेरी, बांधतो, पोस्टमन वर चढेल. सेक्रेटरीने काम अंगावर घेतलं. गणपतीच्या सुट्ट्या संपल्या की नवीन बीट सुरू होणार होतं, म्हणून त्याने मोजणी धरली ती नेमकी गणपतीच्या आठवड्यात. त्याला ऑफिसला रजा होती ना!

आमची निम्मी टेकडी कोकणातली. गणपतीला ती टेकडीवर राहत नाही. नोकरी जाऊ दे, पोर आजारी असू दे, कोकणी माणूस गणपतीला गावाला जाणार. त्या आठवड्यात वर चढलं तर एक दार उघडं आणि शेजारची दोन बंद, कुलपं आणि कुलपांना बांधलेलं फडकं. असल्या दिवसांत हा माणूस रंगाचा डबा आणि वही घेऊन घरं मोजत निघाला. उतरताना मी त्याला अडवलं.

"अरे, ही माणसं गावाला गेलीत. आठ दिवस थांब."

"दार उघडं असेल तर नाव विचारता येतं शेठ. बंद दाराला काय विचारू?"

"मला विचार. मी सांगतो कोण राहतं ते."

"तुम्ही किराणा सांभाळा. हे सरकारी काम आहे."

मी तेव्हा जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने वहीत बंद घरांपुढे 'बंद' लिहिलं आणि घरी बसून सुंदर अक्षरात पक्की प्रत करताना बंद असलेली सगळी घरं गाळून टाकली. म्हणजे मधे मोकळी जागासुद्धा ठेवली नाही. उघड्या दारांना ओळीने नंबर पडले आणि बंद दारं कागदावर नव्हतीच. आणखी एक काम त्याने केलं. यादीच्या खाली लिहून दिलं की आता सर्व टपाल दारावर जाणार असल्यामुळे दुकानाचा पत्ता रद्द समजावा.

अनंत चतुर्दशी होऊन गेली आणि नवा पोस्टमन आला. तरुण, चपळ. माझ्या दुकानासमोरून न थांबता वर चढला. मी हाक मारली.

"आमचं?"

"तुमचं काय नाही काका."

"माझं नाही, माझ्या केअर ऑफचं."

"केअर ऑफ बंद केलं. नंबर असेल ते वर देतो, नंबर नसेल ते अपुरा पत्ता म्हणून परत."

"ज्यांना नंबरच घातला नाही त्यांचं?"

"ते मला काय माहीत? माझ्या यादीत जेवढं आहे तेवढं मी वाटतो."

गावाला गेलेली माणसं परत आली. काकी आल्या. ट्रंक डोक्यावरून उतरवून त्यांनी नेहमीसारखं विचारलं, आणि माझ्या मागच्या फळीकडे बघितलं. सगळे खण रिकामे होते.

"नाय इला?"

"काकी, यंदा पोस्टाने गोंधळ घातलाय."

सगळं सांगितलं. त्यांना त्यातलं एवढंच कळलं की पत्र आलं असेल, पण वर आलं नाही. पोस्टमनला मी दुसऱ्या दिवशी पुन्हा धरलं. एखादं पोस्टकार्ड, बाईच्या नावाने, शिक्का बाहेरगावचा? तो म्हणाला, रोज एवढी कार्डं परत जातात, मी वाचत बसू काय? त्याच्या सांगण्यात खोटं नव्हतं. म्हणूनच जास्त राग आला.

मी पोस्टात गेलो. पोस्टमास्तर थकलेला, सभ्य माणूस. त्याने बसायला खुर्ची दिली.

"तक्रार आहे का?"

"तक्रार नाही. व्यवहार बोलायला आलोय."

"हा बाजार नाही हो."

"ठाऊक आहे. बाजारात माल निदान दाखवतात. तुमच्याकडे माझ्या दुकानाच्या पत्त्यावरचं जे टपाल पडलंय ते दाखवा."

"वाटप न झालेलं टपाल बाहेरच्या माणसाला दाखवता येत नाही. आणि आता ते इथे नाही. आठवडाभर ठेवतो, मग पाठवणाऱ्याला परत."

"पाठवणाऱ्याचा पत्ता नसेल तर?"

"मग शहरातल्या ऑफिसात जातं. तिथे पाकीट उघडून आत पत्ता सापडतो का बघतात."

"आणि कार्ड असेल तर?"

"कार्डात उघडण्यासारखं काय असतं," तो म्हणाला. "तिथून काही परत येत नाही."

मी टेबलावर हात आपटला. मग स्वतःला आवरलं, कारण सौद्यात पहिला आवाज चढवतो तो हरतो, हे मला भायखळ्यात शिकायला मिळालं होतं. मी म्हटलं, झालं ते झालं. पण पुढचं बोला. ज्या घरांना नंबर मिळाला नाही ती घरं आहेत, त्यांत माणसं आहेत, ती तुमच्या यादीत नाहीत. तुमची यादी चोख नाही. चोख होईपर्यंत माझा पत्ता चालू ठेवा. तो म्हणाला, कमिटीने लेखी दिलंय, कमिटीनेच लेखी बदलून द्यायला हवं. मी म्हटलं, ते देईपर्यंत? त्याने बीटची यादी काढली, शेवटच्या पानावर पेन्सिलीने माझ्या दुकानाचं नाव लिहिलं आणि म्हणाला, "फेरतपासणी होईपर्यंत एवढं मी माझ्या जबाबदारीवर करतो. कमिटीचं पत्र मात्र आणा."

म्हणजे मला सेक्रेटरीच्या दारात जाणं आलं. त्याने मला उंबऱ्यावरच उभं ठेवलं.

"देतो की पत्र," म्हणाला. "पण एक आहे. टपाल दुकानातून वाटलं जातं म्हटल्यावर लोकांचा गैरसमज होतो. ती खणांची फळी कमिटीच्या खोलीत आणून द्या. तिच्यावर कमिटीचं नाव येईल. तुमच्याकडे येईल ते टपाल तुम्ही तिथे आणून टाकायचं."

"माझी फळी, माझी माणसं, आणि नाव कमिटीचं?"

"तुम्हाला घासाघीस आवडते ना शेठ? करा."

मी केली नाही. आयुष्यात मागितलेला भाव तसाच मान्य केला असेन तर तो तेवढाच. फळी काढून दिली, पत्र घेतलं आणि पोस्टात नेऊन दिलं. भिंतीवर तिच्या मागे रंग तसाच राहिला होता, बाकीची भिंत धुराने काळी. त्याने पानं, नळ, घंटा खरवडून काढल्या आणि फळीवर पांढऱ्या रंगात कमिटीचं नाव घातलं. माझ्या गिऱ्हाइकांपैकी एकानेही मला विचारलं नाही, फळी कुठे गेली म्हणून. नव्या पोस्टमनचं कौतुक मात्र सगळे करत होते, थेट दारात येतो, काय सोय झाली. ज्यांना नंबर मिळाले ते सुखी झाले होते. जे राहिले त्यांच्यासाठी भांडायला मी एकटा, आणि मी घाटी.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. काकी रोज यायच्या. विचारायच्या नाहीत, नुसतं माझ्या तोंडाकडे बघायच्या आणि मीठ-मिरची काहीतरी मागायच्या. मग फेरतपासणीची तारीख लागली. सेक्रेटरीने बोर्डावर नोटीस लावली की राहिलेल्या घरांची मोजणी होणार, घरातल्या माणसाने दार उघडं ठेवून हजर राहावं, नाहीतर नाव कायमचं सुटेल, पुन्हा संधी नाही. तारखा बघितल्या आणि मी कपाळावर हात मारला. ऐन शिमगा.

शिमग्याला काकी न चुकता गावाला जायच्या. त्यांच्या गावात देवाची पालखी घरोघरी येते, अंगणात थांबते, घरच्या माणसाने नारळ द्यायचा. घरचं कोणी नसेल तर पालखी अंगणातून तशीच पुढे. नवरा गेल्यावरही त्यांनी शिमगा चुकवला नव्हता.

मी त्यांना सांगितलं, "यंदा जाऊ नका."

"मी नाय गेलंय तर माझ्या खळ्यात पालखी कोणासाठी थांबतली?"

"काकी, नाव सुटलं तर पत्र कधीच येणार नाही. पोस्टमास्तरने पेन्सिलीने लिहिलंय, ते फेरतपासणीपर्यंतच. यादीत तुमचं दार पाहिजे."

"तेका नंबर खय म्हायत? तेका तुझा दुकान म्हायत."

"दुकानाचं मी बघतो. तुम्ही दाराचं बघा."

त्या राहिल्या. मी सांगितलं म्हणून राहिल्या. मी सांगितलं ते बरोबरच होतं, आज कोणी विचारलं तरी तेच सांगेन. मोजणीच्या दिवसांत त्या सकाळपासून दार सताड उघडं टाकून उंबऱ्यावर बसायच्या, नऊवारीचा पदर खांद्यावर नीट घेऊन, जणू पाहुणे येणार आहेत. बाजूची दोन घरं बंद होती, ती माणसं गावाला गेली होती. सेक्रेटरी दुसऱ्या दिवशी दुपारी आला. नाव विचारलं. लिहिलं. दाराच्या फळीवर लाल रंगात आकडा घातला. काकींनी रंग वाळायची वाट न बघता त्याला बोट लावलं, बोटाला लागला तो कपाळाला पुसला. हे मला शेजारणीने सांगितलं. संध्याकाळी त्या दुकानात आल्या तेव्हा कपाळावर रंग तसाच होता.

"झाला तुझ्या मनासारखा?"

"झालं."

"मग आता दुकानाचा बघ."

आठवड्याने गावाला गेलेली माणसं परतली. काकींच्या वाडीतली एक बाई होती, आमच्याच टेकडीवर राहणारी, नळाच्या खणातली. ती सामान घ्यायला आली तेव्हा काकी दुकानातच होत्या. ती म्हणाली, "अगो, तुझो झील इल्लो होतो शिमग्याक."

काकींच्या हातातली तेलाची बाटली मी पटकन धरली.

तिने सांगितलं ते असं. पालखी काकींच्या अंगणाशी आली, घराला कुलूप, म्हणून भोयांनी ती न थांबवता पुढे नेली. तेवढ्यात गर्दीतून एक दाढीवाला पुढे झाला, म्हणाला, थांबा. पालखी थांबवली. त्याने नारळ दिला, पाया पडला. मग बाजूला उभ्या असलेल्या या बाईला विचारलं, या घरची आई कुठे? ही ओटीच्या ताटाला लागलेली, ढोल वाजत होते, तिने वळूनही न बघता सांगितलं की ती मुंबईला राहिली ह्या वर्षी.

"तो म्हणालो, 'मी गणपतीक पत्र घातललंय तिका, शिमग्याक येतंय म्हणान.' तेव्हा मी आवाज वळाखलंय. ताट खाली ठेवन वळान बघतंय, तर नाय. एसटीच्या वाटेक लागलो असतलो. मी पोरांका धाडलंय मागसून, पण गाडी गेली होती."

काकींनी विचारलं, "त्याचा बापूस गेलो ता सांगलंस?"

"खय सांगतंय? उभो खय रवलो?"

दुकानात आणखी कोणी नव्हतं. काकी तांदळाच्या पोत्यावर बसल्या. रडल्या नाहीत. मला म्हणाल्या, "म्हणजे पत्र इला होता."

"आलं होतं."

"तेका वाटला असतला, मी वाचलंय आणि मुद्दाम गेलंय नाय."

ती दुसरी बाई पदर तोंडाला लावून निघून गेली. मी काकींना पाणी दिलं, ते त्या प्यायल्या आणि म्हणाल्या, "सुपारी दी." मी दिली. त्या वर गेल्या, त्या लाल आकड्याच्या घरात.

त्याच दिवशी दुकान अर्ध्यावर टाकून मी सेक्रेटरीकडे गेलो. मारायलाच गेलो होतो, खोटं कशाला सांगू? तो यादीची नवी प्रत करत बसला होता. सगळं सांगितलं त्याला. त्याने पेन खाली ठेवलं, ऐकलं आणि म्हणाला, "वाईट झालं. पण त्या वेळी त्यांचं दार बंद होतं हे तुम्हीही मान्य कराल." त्याच्या तोंडावर काहीच नव्हतं, ना आनंद ना शरम. ज्याला आपण काही केलं असं वाटतच नाही त्याला मारून काय उपयोग? मी परत आलो. मारलं असतं तर बरं झालं असतं असं अजूनही कधी कधी वाटतं.

पोस्टमास्तरांकडेही गेलो. त्यांनी शेवटचं पान काढलं. फेरतपासणी झाल्यामुळे पेन्सिलीची ओळ खोडायची होती. मी त्यांना मुलाची हकिकत सांगितली आणि म्हटलं, काय पाहिजे ते मागा, या वेळी मी भाव करणार नाही. ते म्हणाले, "शेठ, माझ्याकडे विकायला काही नाही." मग त्यांनी दौतीत टाक बुडवला आणि पेन्सिलीच्या अक्षरांवरूनच शाईने ती ओळ गिरवली. पुढे काकींचं नाव आणि दाराचा नंबर घातला. माझ्या दुकानाच्या पत्त्यावर त्या एका नावाने आलेलं टपाल त्या दारी द्यावं, असं.

पुढच्या गणपतीला कार्ड आलं नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. काकींनी गावाला जाणं सोडलं. गणपतीत सगळी टेकडी बंद असायची आणि धोंड्याकडे एक दार उघडं. पोस्टमन बदलत राहिले, नवा आला की मी त्याला पहिल्या दिवशी गाठायचो आणि यादीचं शेवटचं पान दाखव म्हणायचो. एकाने विचारलं, "काका, तुमचं कोण लागतं ते?" मी म्हटलं, "गिऱ्हाईक."

पुढे काही वर्षांनी त्या गेल्या. खोली पुतण्याने विकली. लाल आकड्यावर नव्या माणसाने निळा रंग दिला.

नंतर माझ्या दुकानाला मागणी आली. रस्त्याच्या तोंडाची जागा, औषधाचं दुकान टाकायचं होतं एकाला. भाव मी ठरवला तो त्याने मान्य केला, मी आणखी चढवला, तोही मान्य केला. मग तो म्हणाला, वरची पाटी तेवढी उतरवून द्या, माझं नाव लावतो. मी म्हटलं, पाटी राहील. तो म्हणाला, औषधाच्या दुकानावर किराण्याची पाटी? मी म्हटलं, राहील. त्याला वाटलं मी भाव वाढवतोय. आणखी थोडे देऊ करून त्याने माझ्याकडे बघितलं.

सौदा मोडला. दुकान अजून माझ्याकडेच आहे, आणि पाटीवर नाव तेच आहे.